कुलपाआडून आलेला अभिप्राय

मनोरुग्णालयातील रुग्णांच्या हाती प्रश्नावली देऊन ‘तुम्हाला इथे कसे वागवले जाते?’ याचे उत्तर आकड्यांत मिळवण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत आता चांगलीच रुळली आहे. आपल्याकडे ती आज ना उद्या येणारच. २०१७ साली संसदेने मंजूर केलेल्या आणि २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला क्रूर व अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण दिले आहे, सेवेतील उणिवांबद्दल तक्रार करण्याचा हक्क दिला आहे, आणि मनोरुग्णालयांची ठरावीक काळाने तपासणी व्हावी असेही सांगितले आहे. तपासणी म्हटली की मोजपट्टी हवी. आणि परदेशात तयार मोजपट्टी असताना तिचे भाषांतर करून काम भागवण्याचा मोह कोणाला आवरेल?

या लेखात आम्ही त्या मोजपट्टीचीच परीक्षा घेणार आहोत. आमचा व्यवसाय प्रयोगशाळेतील मोजमापाचा. मनोविकारतज्ज्ञ आम्ही नव्हे. परंतु मोजमाप म्हटले की काही प्रश्न सर्वच शास्त्रांना सारखे लागू पडतात. शिक्षकांना तर ते अधिकच जवळचे, कारण परीक्षा नावाची एक मोजपट्टी ते वर्षभर हाताळत असतात आणि बी.एड.च्या वर्गात विश्वसनीयता व सप्रमाणता या दोन शब्दांची घोकंपट्टीही त्यांनी केलेली असते.

काय मोजायचे आहे?

इंग्रजीत ज्याला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ म्हणतात त्याला आपण आघात-सजग सेवा म्हणू. कल्पना साधी आहे. मनोरुग्णालयात येणाऱ्या अनेकांच्या आयुष्यात आधी काही भयंकर घडून गेलेले असते: लहानपणची मारहाण, लैंगिक अत्याचार, जिवलगांचा डोळ्यांदेखत मृत्यू, दंगल, भूकंप. अशा माणसाला बळाने धरणे, बांधणे, कोंडणे, चारचौघांत कपडे उतरवायला लावणे म्हणजे जुनी जखम पुन्हा उघडणे. नवऱ्याने रात्री खोलीत कोंडून मारलेल्या बाईला वॉर्डात रात्री कोंडले तर ती किंचाळते. ते किंचाळणे आजाराचे लक्षण म्हणून कागदावर जाते, आणि गोळ्या वाढतात. आघात-सजग सेवेत ही साखळी ओळखून ती तोडायची असते. अमेरिकेत व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्य सेवांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने २०१४ साली तिची सहा तत्त्वे मांडली: सुरक्षितता, विश्वास आणि पारदर्शकता, समदुःखितांचा आधार, सहकार्य, निवडीचे स्वातंत्र्य व स्वतःचा आवाज, आणि रुग्णाच्या संस्कृतीचे, इतिहासाचे व स्त्री-पुरुष भेदाचे भान.

या विचाराचे पुरस्कर्ते म्हणतात की रुग्णाला ‘तुझे काय बिघडले आहे?’ असे न विचारता ‘तुझ्या बाबतीत काय घडले?’ असे विचारावे. गंमत अशी की आपल्या खेड्यातली म्हातारी ‘काय झालं गं तुला?’ असे विचारते तेव्हा तिच्या एकाच वाक्यात हे दोन्ही प्रश्न असतात. इंग्रजीने जे दोन केले ते मराठीने एकत्रच ठेवले आहेत. भाषांतराचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता दुसरा शब्द, ‘सिक्युअर’. इंग्लंडमध्ये ज्यांच्यापासून इतरांना धोका आहे असे मानले जाते अशा रुग्णांसाठी उच्च, मध्यम आणि कमी बंदोबस्ताची वेगवेगळी रुग्णालये असतात. ब्रॉडमूर हे त्यांतले सर्वांत जुने. ते १८६३ साली सुरू झाले. आपल्याकडे अशी तीन पायऱ्यांची वर्गवारी रूढ नाही. तुरुंगातून आलेला कैदी-रुग्ण बंद वॉर्डात असतो, आणि ज्याने मुंगीही मारलेली नाही असा रुग्णही पुष्कळदा कुलूप लावलेल्या दाराआडच असतो. म्हणून ‘सिक्युअर’चे भाषांतर ‘सुरक्षित’ असे केले तर घोटाळा होईल. ‘बंदोबस्तातली’ हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. सुरक्षितता कोणाची, आतल्याची की बाहेरच्याची, हा प्रश्न इंग्रजी शब्दाने झाकला जातो. मराठीत तो झाकता येत नाही, हे बरेच म्हणायचे.

नांदेड-लातूरच्या रुग्णाच्या बाबतीत कुलपाबरोबर अंतरही येते. महाराष्ट्राची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. एके काळी निजामाच्या राज्याचे मनोरुग्णालय जालन्यात होते. ते पुढे हैदराबादच्या एर्रागड्डा भागात गेले आणि १९५६ नंतर राज्याच्या सीमाच बदलल्या. जवळची वैद्यकीय महाविद्यालये काही दिवस रुग्णाला ठेवून घेतात, पण लांबच्या मुक्कामाची वेळ आली की येरवड्यासारखे ठिकाण गाठावे लागते. येरवड्याची मंजूर क्षमता २५४० खाटांची. लातूरहून पुणे सव्वातीनशे किलोमीटरांच्या पुढे, नांदेडहून साडेचारशेच्या आसपास. मजुरीवर जगणाऱ्या घरातले कोणी दर महिन्याला भेटीला जाईल, हे धरून चालता येत नाही.

मोजपट्ट्या

अशा ठिकाणचे वातावरण मोजणाऱ्या प्रश्नावल्या बऱ्याच आहेत. जर्मनीतील एसेन येथे नॉर्बर्ट शालास्ट आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली आणि २००८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली ‘एसेन’ श्रेणी बंदोबस्ताच्या रुग्णालयांत सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात गुण धरायची पंधरा विधाने असून ती तीन गोष्टी मोजतात: उपचारांचा आधार, रुग्णांचा एकमेकांना आधार, आणि जाणवणारी सुरक्षितता. ती रुग्णही भरतात, कर्मचारीही भरतात. आघात-सजगतेसाठी म्हणून खास केलेल्या ‘टिकोमीटर’ आणि ‘आर्टिक’ या दोन प्रश्नावल्या २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. पैकी पहिली संस्थेच्या कारभाराविषयी विचारते, दुसरी कर्मचाऱ्यांच्या मनोवृत्तीविषयी, आणि दोन्ही भरायच्या त्या कर्मचाऱ्यांनी. म्हणजे सेवा आघात-सजग आहे की नाही हे सेवा देणाऱ्यालाच विचारायचे. शिकवणे समजले का हे विद्यार्थ्याऐवजी शिक्षकाला विचारण्यासारखेच हे झाले. रुग्णालाच विचारणाऱ्या प्रश्नावल्या या क्षेत्रात उशिरा आल्या, आणि त्या आल्या हे चांगलेच झाले. ‘एसेन’ श्रेणी वापरणाऱ्यांना वारंवार दिसले आहे की एकाच वॉर्डाबद्दल कर्मचाऱ्यांचे आणि रुग्णांचे आकडे जुळत नाहीत. ही तफावत हाच आमच्या मते त्या श्रेणीने दिलेला सर्वांत उपयुक्त निष्कर्ष आहे. नुसत्या सरासरीत ती गडप होते.

रुग्णाला विचारले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. आमचा मुख्य आक्षेप इथून सुरू होतो.

तापमापी काखेत धरणाऱ्या माणसाला तापमापीची भीती वाटत असो वा नसो, पारा चढायचा तितकाच चढतो. प्रश्नावलीचे तसे नाही. बंद वॉर्डातला रुग्ण ज्यांच्याबद्दल अभिप्राय देतो त्यांच्याच हाती त्याच्या वॉर्डाची किल्ली असते. त्याचे जेवण, त्याची बिडी, घरी करायचा फोन, आणि मुख्य म्हणजे घरी सोडण्याविषयीचा शेरा, सगळे तिथूनच येते. अशा वेळी ‘कर्मचारी माझे ऐकून घेतात’ या विधानापुढे ‘पूर्णपणे सहमत’ अशी खूण आली तर तिचे किमान तीन अर्थ संभवतात: खरेच ऐकून घेतात, ऐकत नाहीत पण तसे लिहिण्याची छाती नाही, किंवा ऐकून घेणे म्हणजे काय याची कल्पनाच इतकी आकसली आहे की शिवी न देणे यालाच तो ऐकून घेणे समजतो. तिन्ही माणसांना पाचपैकी पाच गुण मिळतात. मोजपट्टीला त्यांच्यातला फरक दिसत नाही.

यावर संख्याशास्त्राचे जाणकार सांगतील की आम्ही श्रेणीची विश्वसनीयता काढली आहे, ‘अल्फा’ चांगला आला आहे. ली क्रोनबाख यांनी १९५१ साली मांडलेला हा सहगुणक श्रेणीतले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत उत्तरे मिळवतात ते दाखवतो. पण समजा, दहा विधानांच्या एका श्रेणीत सगळी विधाने सेवेची स्तुती करणारी आहेत. वॉर्डातले निम्मे रुग्ण धास्तीपोटी सर्व विधानांना ‘सहमत’ म्हणतात आणि उरलेले निम्मे रागापोटी, न वाचताच, सर्वांना ‘असहमत’ म्हणतात. अल्फा थेट एक येईल. यापेक्षा जास्त विश्वसनीय श्रेणी असूच शकत नाही, आणि तिने एकाही प्रश्नाचे उत्तर मिळवलेले नाही! विश्वसनीयता आहे, सप्रमाणता शून्य. परीक्षेत दर वर्षी त्याच चुका करणाऱ्या परीक्षकाचे गुणही विश्वसनीय असतातच.

उपाय म्हणून काही विधाने उलटी लिहिण्याची प्रथा आहे: ‘इथे कोणी माझी विचारपूस करत नाही.’ आता याला ‘असहमत’ म्हणायचे तर नकाराला नकार द्यायचा. हे गणित शहरातल्या पदवीधरालाही क्षणभर अडवते. ‘सहमत’, ‘अंशतः सहमत’, ‘तटस्थ’ अशा पाच पायऱ्यांची उत्तरपद्धती रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली अमेरिकेत मांडली, आणि ती वापरून वापरून आपल्याला नैसर्गिक वाटू लागली आहे. बोलण्यात कोणीही ‘अंशतः सहमत’ नसतो. तो म्हणतो, ‘बरं आहे की’, ‘काही तरास नाही’, ‘चाललंय आपलं’. यांतल्या प्रत्येकाला किती गुण द्यायचे? ‘चाललंय आपलं’ हे उत्तर मराठवाड्यात समाधानापासून हताशपणापर्यंत कशालाही चालते. फरक असतो तो आवाजात.

आणि न भरलेल्या कागदांचे काय? उदाहरणादाखल तीस रुग्णांचा वॉर्ड घेऊ. वीस जणांनी प्रश्नावली भरली, सरासरी ४.२ आली, दहा जणांनी कागद घेतलाच नाही. अहवालात ४.२ हा आकडा छापला जाईल. त्या दहा जणांचे खरे मत २ च्या आसपास असेल, तर वॉर्डाची सरासरी ३.४७ वर उतरते. कोण भरत नाही हे पाहिले तर जे गुंगीत आहेत, जे रुसून बसले आहेत, ज्यांना वाचता येत नाही आणि ज्यांना काल बांधून ठेवले होते, ते. आकड्यातून नेमके तेच वगळले जातात ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप आहे.

काळजी हा शब्द

भाषांतर ही शेवटी उरकायची बाब समजली जाते. नांदेड-लातूरच्या रुग्णाच्या बाबतीत तिथेच अर्धा खेळ संपतो. ‘केअर’ म्हणजे काळजी असे शब्दकोश सांगतो. पण आपल्या भाषेत काळजी घेतात तशी काळजी लागतेही. ‘तुम्हाला इथे काळजी वाटते का?’ आणि ‘तुमची इथे काळजी घेतली जाते का?’ यांत दोन-तीन शब्दांचे अंतर आहे, अर्थ मात्र उलटे. घाईने वाचून दाखवलेल्या प्रश्नावलीत हे शब्द कानावरून कसे जातील याचा विचार करावा. ‘ट्रॉमा’साठी आपण वापरला तो ‘आघात’ शब्द पुस्तकी. गावात माणूस ‘धसका घेतो’, त्याचा ‘जीव घाबरतो’, त्याच्या ‘डोक्यावर परिणाम होतो’. धसका या शब्दात घडलेली घटना आणि तिचा मनावर उरलेला ठसा दोन्ही येतात, म्हणून आम्हाला तो आघातापेक्षा सरस वाटतो. प्रश्नावली बनवणाऱ्यांना तो ग्राम्य वाटेल कदाचित.

शिवाय मराठी हीच रुग्णाची भाषा असे धरून चालता येत नाही. देगलूर-बिलोलीकडच्या घरांत तेलुगू बोलतात, उदगीर-निलंग्याच्या बाजूला कन्नड आणि उर्दू, किनवटच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर गोरमाटी. येरवड्याच्या वॉर्डात अशा रुग्णाला प्रमाण मराठीतला प्रश्न दुसरा रुग्ण किंवा अटेंडंट समजावून सांगणार, आणि प्रश्न असणार अटेंडंटच्याच वागण्याविषयी!

मराठवाड्याला आघात मोजणाऱ्या प्रश्नावल्या नव्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून लोक झोपले असताना किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. जड माळवदांच्या, दगडमातीच्या घरांखाली सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतरच्या मानसिक परिणामांवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली अभ्यास केला. अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात १९९६ साली आलेल्या दुसऱ्या एका छोट्या, प्राथमिक पाहणीत तपासलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांत कोणता ना कोणता मनोविकार आढळला; आघातोत्तर ताणाचा विकार २३ टक्क्यांत आणि तीव्र नैराश्य २१ टक्क्यांत. हे आकडे मोलाचे आहेत. भूकंपग्रस्ताला पत्रे आणि धान्य दिले की भागले असे समजणाऱ्या शासनाला मनाचेही पुनर्वसन लागते हे सांगायला ते उपयोगी पडतात.

पण तिथे मोजली गेली ती लक्षणे. झोप उडणे, दचकून उठणे, घरात शिरायला घाबरणे यांची खातरजमा शेजाऱ्याकडे करता येते, आणि तपासणारा डॉक्टर स्वतःही काही पाहू शकतो. शिवाय उत्तर देणारा स्वतःच्या शेडमध्ये बसलेला होता; नको वाटले तर उठून जाऊ शकत होता. अर्थात त्या दिवसांत वही-पेन घेऊन दारात आलेला माणूस नुकसानभरपाईच्या यादीसाठी आला आहे की आणखी कशासाठी, हे त्याला कसे कळावे? उत्तरावर काहीतरी अवलंबून आहे असे वाटले की उत्तर वाकते, हे कुलूप नसतानाही खरे आहे. बंद वॉर्डात तर सगळेच अवलंबून असते.

किल्लारीतच याला एक उतारा सापडला होता, तोही मानसशास्त्राबाहेर. घरबांधणी आणि दुरुस्तीच्या कार्यक्रमात लोकांचे म्हणणे शासनापर्यंत नेण्यासाठी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत शेकडो गावांत गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. विचारणारी बाई त्याच गावची, तिचेही घर पडलेले. अभियंत्याला जे सांगितले जात नाही ते तिला सांगितले जाते. प्रश्न तोच राहतो, विचारणारा बदलला की उत्तर बदलते. प्रयोगशाळेत आम्ही याला उपकरणाचा परिणाम म्हणतो आणि तो वजा करतो. इथे वजा करण्याऐवजी योग्य उपकरण निवडता येते.

मनोरुग्णालयांच्या संदर्भात हीच गोष्ट पुण्याच्या भार्गवी दावर यांनी कितीतरी कठोर शब्दांत मांडली. त्यांच्या आईने मनोरुग्णालयांत दिवस काढले होते. तिच्याच नावाने त्यांनी १९९९ साली ‘बापू ट्रस्ट’ स्थापन केला. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. बळजबरीच्या उपचाराला कायद्याची मुभा असेपर्यंत सेवेच्या दर्जाची चर्चा अपुरीच, असा त्यांचा रोख होता. आम्ही इतक्या टोकाला जात नाही, कारण स्वतःचा जीव घ्यायला निघालेल्या माणसाला काही काळ धरून ठेवावे लागते असे आम्हाला वाटते. पण मोजमापाच्या बाबतीत त्यांचा मुद्दा अचूक लागू पडतो: ज्याने तो अनुभव घेतला आहे त्याला निव्वळ उत्तर देणारा न ठेवता प्रश्न ठरवणारा केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या ‘क्वालिटी राइट्स’ साधनसंचात पाहणी पथकात असे लोक असावेत असे म्हटले आहे. पथक मुलाखती घेते, वॉर्ड डोळ्यांनी पाहते आणि कागदपत्रेही तपासते. गुजरातमधील सहा शासकीय सेवाकेंद्रांत तो वापरून पाहिला गेला, त्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राचा पुढाकार होता, आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. भाषांतरित प्रश्नावलीपेक्षा ही वाट लांबची आहे, खर्चाचीही आहे.

कागदपत्रांचा उल्लेख आला तो महत्त्वाचा. तापमापीवर अंश आखण्यापूर्वी आपण ती वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात धरतो. अनुभवाच्या श्रेणीसाठी बर्फ कोणता? आमच्या मते तो वॉर्डातल्या नोंदवहीत आहे. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली, एकांतकोठडीला बंदी केली. शरीर जखडून ठेवणे हे तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण व वेळ नोंदवून. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचे आणि दर महिन्याला अशा सर्व घटनांचा अहवाल पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचा. म्हणजे मोजता येण्याजोगा एक ठोस आकडा कायद्यानेच दिला आहे. ज्या महिन्यात बांधून ठेवण्याचे प्रसंग दुप्पट झाले त्या महिन्यातही रुग्णांचा ‘सुरक्षितते’चा गुणांक ४.२ वरच बसून राहिला, तर श्रेणी बिघडलेली आहे असे खुशाल समजावे. नोंदवहीही माणसेच लिहितात आणि गाळतातही, हे मान्य. पण दोन अपुऱ्या साधनांची एकमेकांशी तुलना केली तर प्रत्येकाची खोट थोडीफार उघडी पडते.

भीतीपोटी दिलेल्या उत्तरावर संख्याशास्त्राने एक सुंदर तोड काढली आहे. शिक्षकांनी ती वर्गात जरूर करून पाहावी. १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर यांनी मांडलेल्या पद्धतीची ही सोपी आवृत्ती. शंभर विद्यार्थ्यांना विचारा, ‘यंदा गृहपाठ दुसऱ्याच्या वहीतून उतरवला का?’ उत्तरापूर्वी प्रत्येकाने स्वतःपुरते नाणे उडवायचे, कोणाला दाखवायचे नाही. छाप पडला तर डोळे मिटून ‘हो’ लिहायचे. काटा पडला तर खरे लिहायचे. समजा ७० ‘हो’ आले. पैकी सुमारे ५० नाण्याचे. उरलेल्या ५० जणांत २० खरे ‘हो’. म्हणजे वर्गातले सुमारे ४० टक्के उतरवतात. कोणत्याही एका चिठ्ठीवरून कोणालाही पकडता येत नाही, तरी वर्गाबद्दलचे सत्य हाती लागते.

‘गेल्या महिन्यात तुम्हाला इथे कोणी मारले का?’ हा प्रश्न असा विचारता येईल का? दोन अडचणी आहेत. तीसच रुग्ण असतील तर छापांची संख्या पंधराऐवजी बारा किंवा अठरा सहज येते, आणि त्या फरकाने निष्कर्ष पार हेलपाटतो; वॉर्डावॉर्डांचे आकडे एकत्र करावे लागतील, मग कोणत्या वॉर्डात मारतात ते कळणार नाही. दुसरी अडचण मोठी. नाण्यावर विश्वास ठेवण्यासाठी ते देणाऱ्यावर विश्वास लागतो, आणि ज्याला सतत कोणीतरी पाळत ठेवते असे वाटते, काही वेळा आजारामुळे आणि काही वेळा खरोखरच पाळत असल्यामुळे, त्याला हा खेळ सापळाच वाटेल.

श्रेणीत नसलेला एक प्रश्न राहिला. या सगळ्या प्रश्नावल्या रुग्ण तिथे आहे हे गृहीत धरून पुढे विचारतात: राहणे कसे आहे, जेवण कसे, माणसे कशी. ‘तुम्ही अजून इथे का आहात?’ हे त्या विचारत नाहीत. महाराष्ट्राच्या मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरी न गेलेली माणसे आहेत. त्यांना भिक्षेकरीगृहांत आणि तत्सम संस्थांत हलवण्याची प्रथा ताबडतोब बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१९ साली महाराष्ट्राला सांगावे लागले. घरचा पत्ता बदललेला, भाऊ ऊसतोडीला गेलेला, बायकोने दुसरा संसार थाटलेला. अशा माणसाने ‘कर्मचारी माझ्याशी प्रेमाने वागतात’ याला पाच गुण दिले आणि ते अगदी मनापासून दिले, तरी ती सेवा आघात-सजग ठरते का? सहा तत्त्वांपैकी पाचवे निवडीचे आहे, आणि त्याला दार सोडून बाकी सगळ्याची निवड आहे.

आमची सूचना अशी की निदान काही रुग्णांना प्रश्न कुलपाबाहेर विचारावेत. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, परतल्यानंतर तीन-चार महिन्यांनी गोळ्या घ्यायला माणूस येतो तेव्हा. त्याच्याच भाषेत, पाच पायऱ्यांशिवाय, शक्य तर अशा व्यक्तीने जी स्वतः कधीकाळी रुग्ण म्हणून राहून आली आहे. सोबत कोण आले आहे ते पाहून त्या नातेवाइकाला थोडा वेळ बाहेर चहाला पाठवावे, कारण आणखी एक किल्ली त्याच्याही खिशात असते. वॉर्डात त्याच माणसाने दिलेले गुण आणि बाहेर सांगितलेली हकिकत शेजारी शेजारी ठेवली की कुलपाने उत्तर किती वाकवले याचा अंदाज येईल, आणि मग आत घेतलेल्या इतर आकड्यांत किती भर-वजा करायची हेही कळू लागेल.

यात एक भोक आहे, आणि ते परीक्षेला न बसलेल्यांचा निकाल लावण्याइतके जुने आहे. जे परत आले तेच नांदेड-लातूरला भेटतील. जे कधीच परतले नाहीत त्यांना विचारायला साडेचारशे किलोमीटर जावे लागेल, आणि प्रश्न विचारून झाल्यावर संध्याकाळच्या गाडीने आपल्याला परत यायचे आहे हे त्यांनाही माहीत असेल.